सोयापेंड कमी केली, प्रोटिएज टाकलं, तरी वजन येईना

पेडण्याचा फार्मवाला:
नमस्कार मंडळी, 800 ब्रॉयलर कोंबड्यांचं शेड आहे, खाद्य घरीच मिसळतो. सोयापेंड परवडेना म्हणून या बॅचला टनामागे 50 किलो काढली, तेवढाच मका वाढवला आणि प्रोटिएजचं (प्रोटीन पचवणारं एन्झाईम) पाकीट घातलं, दुकानदार म्हणाला एन्झाईम प्रोटीन भरून काढतं. आज 28 दिवस, पक्षी मागच्या बॅचपेक्षा हलके आणि काही एकमेकांची पिसं टोचतायत. गंमत म्हणजे एवढा धो धो पाऊस असून शेडात खाली अंथरलेलं तूस कोरडं, शेडात डोळे झोंबत नाहीत. मग एन्झाईम चाललं म्हणायचं की नाही?

वाळपईकर_ब्रॉयलर:
तूस कोरडं आहे ते प्रोटीन कमी झालं म्हणून. जादा प्रोटीन पक्षी युरिक ॲसिड करून टाकतो, पाणीही जास्त पितो, त्याचाच पुढे डोळ्यांना झोंबणारा अमोनिया. पाकीट नसतं तरी हा फरक दिसला असता.
प्रोटिएज नवीन प्रोटीन बनवत नाही ओ, खाल्लेल्यातलं जे न पचता विष्ठेत जातं त्यातलं थोडं वाचवतं. सोयापेंडीत लायसिन (प्रोटीनमधलं एक गरजेचं अमिनो ॲसिड) पावणेतीन टक्क्यांच्या आसपास, मक्यात जेमतेम पाव टक्का, म्हणजे तुमच्या अदलाबदलीत टनाला सव्वा किलो लायसिन गेलं. बाजारात लायसिन ज्या रूपात मिळतं त्या लायसिन एचसीएलमध्ये 78 टक्के लायसिन धरलं तर साधारण 1.6 किलो घालायला हवं होतं. मिथिओनिन, थ्रिओनिन ही अशीच अमिनो ॲसिडं पण घटली, आणि मका-सोयाच्या खाद्यात पहिला तुटवडा मिथिओनिनचाच असतो. ते न घालता नुसतं एन्झाईम म्हणजे भात कमी शिजवायचा आणि म्हणायचं नीट चावून खा.

डिचोलीहून:
वरच्यांशी सहमत. एक जोडतो, लायसिन एचसीएलने क्लोराईड वाढतं आणि सोया कमी झाली की पोटॅशियम घटतं, म्हणून मीठ थोडं कमी करून त्या जागी खायचा सोडा घालतात, किती ते डॉक्टरला विचारून. फायटेज (दाण्यातला फॉस्फरस सोडवणारं एन्झाईम) पण वापरत असाल तर दोन्ही पाकिटांवरचे फायदे आंधळेपणाने बेरीज करू नका, फायटेजही थोडं अमिनो ॲसिड सोडवतंच.
आणि मिसळता कसं? मिक्सर आहे?

पेडण्याचा फार्मवाला:
मिक्सर कसला बाब, फावडं. पाकीट सरळ ढिगावर ओतलं 🙈

वाळपईकर_ब्रॉयलर:
अरे देवा. टनाला चिमूटभर जिन्नस तो, कुणाला दुप्पट गेलं असेल कुणाला शून्य. आधी 5 किलो मक्याच्या भरड्यात घोळवा, मग 50 किलोत, मग सगळ्यात. फिनिशरला (शेवटच्या टप्प्याच्या खाद्यात) सोयापेंड पूर्ववत करा, प्रयोग पुढच्या बॅचला अर्ध्या शेडात.

पेडण्याचा फार्मवाला:
तसंच करतो. श्रावणात गिऱ्हाईक तसंही कमी, चार दिवस जास्त ठेवतो. देव बरें करूं.