मोठ्या कंपनीत टिकून राहणारे घाबरट असतात का?

हिंजवडीकर
इथे कुणीतरी लिहिलं होतं की मोठ्या आयटी कंपनीत पाच वर्षांहून जास्त राहणारा माणूस एकतर आळशी असतो नाहीतर घाबरट. मला दहा वर्षं होत आली, आणि जायचा विचार नाही. म्हणून हा धागा.

तक्रारी आधी मीच सांगतो, नाहीतर तुम्ही सांगालच. परवा एका डेटाबेसचा ॲक्सेस हवा होता, तोही फक्त वाचायचा. तिकीट, म्हणजे ऑनलाइन विनंती, टाकलं. आधी मॅनेजरची मंजुरी, मग क्लायंटची, मग सिक्युरिटीवाल्यांची. मध्येच तिकीट 'युजरकडून प्रतिसाद नाही' म्हणून आपोआप बंद झालं, कारण सिक्युरिटीवाल्यांनी शंका विचारली शुक्रवारी रात्री. शेवटी ॲक्सेस मिळाला आणि काम निघालं वीस मिनिटांचं. दरम्यान आग लागल्यास काय करावं याची ऑनलाइन परीक्षा मात्र माझ्याकडून मागे लागून पुरी करून घेतली. अप्रेझलला 'काम उत्तमच आहे रे, पण कर्व्हमध्ये बसवावं लागतं', म्हणजे ठरलेल्या प्रमाणात काहींना कमी शेरा द्यावाच लागतो, हेही ऐकलंय.

पण बाबांची बायपास झाली तेव्हा ग्रुप मेडिक्लेममध्ये (कंपनीच्या आरोग्य विम्यात) त्यांच्या जुन्या मधुमेहावरून कुणी अडवलं नाही. त्यांचा हप्ता माझ्या पगारातून जातो, पण कव्हर पहिल्या दिवसापासून. बाहेर पॉलिसी काढली असती तर जुन्या आजारासाठी तीन-तीन वर्षं थांबायला लावतात. तो सगळा काळ मी घरून, जमेल तेवढंच काम केलं. टीममधल्या दोघांनी माझं ओझं उचललं, क्लायंटला पत्ताही लागला नाही. वीस माणसांच्या स्टार्टअपमध्ये जादाचे दोघं आणायचे कुठून? माणूस काही दिवस नसला तरी मोठ्या कंपनीत चालतं. मी थांबलोय ते यासाठी.

कोथरूडची_कार्टी
मग तो कायमचा नसला तरी चालतं, हेही त्यातच आलं की!

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं. त्यात जास्त करून मधल्या आणि वरच्या फळीतले, म्हणजे तुमच्याच वयाचे. वर्षात ३५ दिवसांपेक्षा जास्त बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय, राहायचं नाही हा नियम त्याच्या महिनाभर आधीचा. सरकारी नोकरीसारखी समजली जाणारी कंपनी ही. बाकीच्यांचं काय घेऊन बसलात?

आणि तुमच्या त्या दहा वर्षांतलं गेटबाहेर विकलं जाईल असं किती आहे? माझ्या आधीच्या ऑफिसात एक सर होते. क्लायंटच्या जुन्या बिलिंग सिस्टिमचा कोपरान् कोपरा त्यांना पाठ. रात्री दोनला काही अडलं तरी फोन त्यांनाच. क्लायंटने ती सिस्टिम बंद केली आणि सरांना 'स्किल गॅप', म्हणजे कौशल्य कमी, असा शेरा मिळाला. ती सिस्टिम सोडून दुसरं काही शिकायला त्यांना कुणी मोकळं ठेवलंच नव्हतं.

भोसरी_एमआयडीसी
तुमचं भांडण पोट भरलेल्यांचं आहे, रागावू नका.

मी मोठ्या कंपन्यांना सुटे भाग देणाऱ्या छोट्या कारखान्यात आहे. इथे मालकच एचआर. आधीच्या ठिकाणी पगारातून पीएफ दर महिन्याला कापला जायचा. पासबुक उघडून बघितलं तर कित्येक महिन्यांचा भरणाच नाही. विचारलं तर म्हणे, 'वरून पेमेंट आलं नाही, आलं की भरू.' आणि ते वरचं पेमेंट अडकलेलं कुठे? तुमच्यासारख्याच एका बड्या कंपनीत, कुणाच्या तरी मंजुरीसाठी. तुम्हाला तिकिटाचा कंटाळा येतो, आम्हाला त्याच तिकिटापायी पगार उशिरा होतो.

हिंजवडीकर
@भोसरी, हे माझ्या डोक्यातच नव्हतं आलं.

@कोथरूड, कपात स्टार्टअपमध्येही होते, फक्त छोट्यांची बातमी होत नाही. मोठ्या कंपनीतून निघताना निदान हिशोब नीट हातात पडतो. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या वर्षांनुसार निघताना मिळणारी रक्कम, धरून.

कोथरूडची_कार्टी
ग्रॅच्युइटीचं कौतुक नको. ऑफर लेटर काढून बघा, बेसिकच्या (मूळ पगाराच्या) ४.८१ टक्के म्हणून ती सीटीसीत (कंपनी सांगते त्या वर्षाच्या एकूण पॅकेजात) बहुतेक ठिकाणी आधीच मोजलेली असते. कायम नोकरीतला माणूस पाच वर्षांच्या आत निघाला की ती कंपनीकडेच राहते. महिन्याचं बेसिक ४० हजार असेल तर दहा वर्षांचे होतात २ लाख ३० हजार (भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं). १५ लाखांवाल्याने कंपनी बदलून ३० टक्के वाढ घेतली, तर कर जाऊन तेवढे पैसे आठ महिन्यांत सुटतात.

बाणेर_ते_बॉस्टन
बदलायची म्हणाल, तर एल-१ व्हिसावर (कंपनी आपल्याच माणसाला अमेरिकेतल्या ऑफिसात पाठवते तो) इकडे आलेल्याला तीही सोय नाही. ज्या कंपनीने आणलं तिच्याकडेच काम करायचं. मॅनेजरला हे पक्कं ठाऊक असतं, आणि ते त्याच्या बोलण्यात दिसतं.

हिंजवडीकर
वाढ, वाढ, वाढ. नव्या ठिकाणी पहिल्या सहा महिन्यांत घरी कुणी आजारी पडलं तर काय कराल, यावर कुणीच बोलत नाही.

कोथरूडची_कार्टी
बोलते ना. मेडिक्लेम मीही ठेवलाय, स्वतःच्या नावावर, तिशीच्या आत काढलेला. नोकरी गेली तरी तो जात नाही. आता तुम्ही सांगा, ९० दिवसांचा नोटीस पिरियड कशासाठी लागतो? समोरच्याला माणूस १५ दिवसांत हवा असतो. तुम्ही खुशीने थांबलायत की निघताच येत नाही म्हणून, हे तुम्हाला तरी कळतं का?

भोसरी_एमआयडीसी
माझा नोटीस पिरियड एक दिवसाचा. मालक संध्याकाळी तोंडी सांगतो. दोघांपैकी कुणाच्या कंपनीत जागा असेल तर कळवा.