प्रति: चालू करताना रोजची डिस्क तपासणी

दादा, तुमचा विंडोजचा कॉम्प्युटर रोज चालू करताना डिस्क तपासत बसतो म्हणता, त्यावर 'सोलापुरात वीज सारखी जाते म्हणून तपासणी लागते, ती बंदच करून टाका' हा वर कुणी दिलेला सल्ला काही पटला नाही. एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फायली ठेवायची व्यवस्था) आधी लॉगमध्ये, म्हणजे आपल्या नोंदवहीत, नोंद करतं, मग बदल. त्यामुळे वीज गेली तरी पुढच्या वेळी त्या नोंदी वाचून ते बहुतेकदा आपलं आपण सावरतं. बिघाड सापडला, की ड्राइव्हवर 'डर्टी' खूण बसते आणि विंडोज सुरू होताना ती पाहून चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम) चालवतं. तपासणी पूर्ण होऊनही खूण रोज परत बसत असेल, तर संशय डिस्कवर किंवा तिच्या केबलवर घ्या. तुमच्या पॉवरलूमच्या हिशेबाचा सगळा डेटा त्यावरच आहे म्हणता, तेव्हा आधी बॅकअप. मग स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, बघा. त्यात 'रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर'चा (खराब निघाल्याने बदललेल्या तुकड्यांचा) आकडा वाढत असेल तर डिस्क बदला, उगाच चेकडिस्कचा आर पर्याय (खराब सेक्टर शोधणारा) लावून मरत्या डिस्कला रात्रभर पळवू नका.

लिनक्सवाल्यांसाठी: एफएसटॅबच्या (सुरू होताना कोणते ड्राइव्ह कसे जोडायचे ते सांगणाऱ्या फाइलच्या) सहाव्या रकान्यात शून्य असेल तर तपासणी होतच नाही. रूटला (सिस्टीमच्या मुख्य विभागाला) १, बाकीच्यांना २ ठेवा. आणि दादा, तुमच्याकडे यूपीएस आहे का, ते मात्र लिहिलं नाहीत.