आदल्या रात्री केलेलं फळांचं लिंबू सरबत सकाळी कडू का होतं?

निंबोणी
स्ट्रॉबेरी घालून लिंबू सरबत करायचं आहे, वीस जणांपुरतं. सध्याची पद्धत अशी: लिंबाच्या फोडी, साखर, स्ट्रॉबेरी आणि पाणी सगळं एकत्र मिक्सरमधून काढायचं, गाळायचं आणि फ्रीजमध्ये ठेवायचं. लगेच प्यायलं तर चव छान लागते. रात्रभर राहिलं की मात्र घोट गिळल्यावर मागून कडवटपणा येतो, गुलाबी रंग विटकरी पडतो, वर फेस आणि खाली चोथा असे थर बसतात. साखर वाढवली तरी कडूपणा झाकत नाही, नुसतं गोडमिट्ट होतं. दुपारी द्यायचं तर आदल्या दिवशी काय काय करून ठेवता येईल? चार लिटरचं नेमकं प्रमाण मिळालं तर फार बरं होईल.

मोजूनमापून
कडूपणाचं मूळ लिंबाच्या फोडीत आहे. सालीखालचा पांढरा भाग, पडदे आणि बिया यांत एक पदार्थ असतो, तो आधी बेचव असतो. लिंबू चिरडलं आणि तो रसातल्या आम्लात मिसळला की काही तासांत त्याचं लिमोनिन बनतं, आणि ते चांगलंच कडू असतं. म्हणून ताजं सरबत ठीक लागतं आणि सकाळी बिघडतं. मिक्सरचं पातं बियाही फोडतं, त्यामुळे कडूपणा आणखी वाढतो. लिंबू मिक्सरमध्ये अजिबात घालू नका. रस हाताने पिळा, लगेच गाळा, आणि तो सरबतात सगळ्यांत शेवटी, देण्याआधी तासभर घाला. बाकी सगळं आदल्या दिवशी करता येतं.

चार लिटरसाठी, म्हणजे २०० मिलीच्या वीस ग्लासांसाठी:

साखर ५०० ग्रॅम
पाकासाठी पाणी ५०० मिली
स्ट्रॉबेरी १ किलो (देठ काढून)
लिंबाचा रस ५०० मिली
थंड पाणी २ लिटर
मीठ अर्धा छोटा चमचा

लिंबं नगावर मोजू नका. लहान, पातळ सालीच्या लिंबातून १५ ते २० मिली रस निघतो, मोठ्या जाड सालीच्या लिंबातून ४० मिलीच्या आसपास. म्हणजे एकाच रसासाठी १३ लिंबंही पुरतील किंवा ३० लागतील. 'आठ लिंबं' असं प्रमाण लिहिलं की चव दर वेळी वेगळी होते ती यामुळेच.

आदल्या दिवशी: साखर आणि ५०० मिली पाणी मंद आचेवर ठेवा. साखर विरघळली की गॅस बंद. तार येऊ द्यायची नाही, आटवायचंही नाही. साधारण ८०० मिली पाक होईल. लिंबाचा वास गडद हवा असेल तर चार लिंबांची फक्त रंगीत साल बारीक किसणीने किसून गरम पाकात टाका आणि अर्ध्या तासाने गाळून काढा. किसताना पांढरा भाग दिसायला लागला की तिथेच थांबा. किसलेली साल रात्रभर पाकात ठेवलीत तर सुगंधामागोमाग कडूपणाही उतरेल.

दुसऱ्या दिवशी लिंबं फ्रीजबाहेर काढून ठेवा, ओट्यावर तळहाताखाली दाबून फिरवा, आडवी कापा आणि पिळा. शेवटचा थेंब काढायला साल पिरगाळू नका. त्या शेवटच्या चमचाभर रसातच पडद्यांचा कडूपणा येतो. गरम पाकात रस कधीही घालू नये, ताजेपणा जाऊन शिजल्यासारखी चव येते.

मीठ खारट चवीसाठी नाही. एवढंसं मीठ उरलासुरला कडवटपणा दाबतं. आणि गोडी नेहमी सरबत गार झाल्यावरच चाखा, कारण थंडपणी साखर कमी जाणवते. कोमट असताना बरोबर वाटलेलं सरबत गार झालं की आंबट लागतं.

फळफळावळ
वरच्या प्रमाणाशी सहमत, फक्त स्ट्रॉबेरीबद्दल थोडं. ती पाकात शिजवायचा मोह होतो, तो टाळा. शिजली की जॅमची चव येते, रंग मावळतो आणि पेक्टिनमुळे (फळातला घट्टपणा आणणारा पदार्थ) सरबत बुळबुळीत होतं. त्याऐवजी पातळ काप करा, त्या ५०० ग्रॅममधली १०० ग्रॅम साखर त्यांवर भुरभुरा आणि झाकून ४० मिनिटं ठेवा. (पाक मग उरलेल्या ४०० ग्रॅमचाच करायचा.) साखरेचा एकही दाणा दिसेनासा होतो, कापांच्या कडा मऊ पडून खाली बसतात आणि भांड्याच्या तळाशी लाल, पारदर्शक रस साठतो. एवढं झालं की मिक्सर थांबत थांबत तीन-चारदाच फिरवा. सलग फिरवलात तर हवा शिरते. तुमचा फेस त्या हवेचा आहे, आणि रंग विटायलाही तीच हातभार लावते. शिवाय स्ट्रॉबेरीच्या बारीक बिया फुटून तुरटपणा येतो.

गाळताना चमच्याने दाबू नका. आधी साधी गाळणी, मग ओलं करून पिळलेलं सुती फडकं. दाबल्याशिवाय जेवढं उतरेल तेवढंच घ्या, १ किलोतून ७०० मिली मिळालं तर उत्तम. हा रस पाकात मिसळून काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, म्हणजे वर हवा राहत नाही, आणि फ्रीजमध्ये मागच्या बाजूला ठेवा. दोन दिवस रंग छान टिकतो.

फळ बदललं की गणितही बदलतं. कलिंगडात आंबटपणा जवळपास नाहीच आणि पाणी ९० टक्क्यांहून जास्त, म्हणून १.५ किलो गर घ्या, थंड पाणी १.३ लिटरवर आणा, साखर ४५० ग्रॅम पुरे. त्याचा चोथा मात्र तळाशी बसणारच. वाढण्याआधी ढवळायचं, दुसरा इलाज नाही. अननस स्वतःच आंबट असतो: साखर ४५० ग्रॅम, लिंबाचा रस ४२५ मिली. पिकलेल्या आंब्याचा गर १ किलो घेतलात तर ४०० ग्रॅम साखरेच्या पुढे जाऊ नका. पीच किंवा सफरचंद चिरलं की काळं पडतं, त्यामुळे रसातला दोन चमचे लिंबाचा रस फोडींवर लगेच चोळा.

शिजवण्याचा अपवाद ब्लूबेरी. तिचा रंग सालीत अडकलेला असतो, म्हणून थोड्या पाण्यात पाच-सहा मिनिटं, साली फुटेपर्यंत, गरम करावीच लागते. लिंबू घातलं की तिचा जांभळा रंग लालसर गुलाबी होतो. ते आम्लामुळे, बिघडलं असं समजू नका.

निंबोणी
खूप आभार, चूक नेमकी कळली. दोन गोष्टी राहिल्या. साध्या पाण्याऐवजी सोडा वापरला तर? आणि बर्फाने सरबत पांचट होतं त्याचं काय करायचं?

थंडगार
सोडा चालतो. पाक, फळाचा रस आणि लिंबाचा रस मिळून साधारण २ लिटर होतात. तेवढाच सोडा, म्हणजे प्रत्येक ग्लासात १०० मिलीला १००. सोड्याचा स्वतःचा थोडा आंबटपणा असतो, त्यामुळे लिंबाचा रस ४५० मिली घ्या. मोठ्या भांड्यात सोडा आधी ओतून ठेवू नका, बुडबुडे निघून जातात. ग्लासात आधी सरबत, मग कडेने हळूहळू थंडगार सोडा, आणि चमच्याने तळापासून वर एकदाच ढवळा. इथे फडक्यातून गाळणं फार महत्त्वाचं. गराचा प्रत्येक कण बुडबुड्यांना धरायला जागा देतो आणि ग्लास उतू जातो.

बर्फासाठी सोपं म्हणजे आधीच २ लिटरऐवजी १.७ लिटर पाणी घालायचं, बाकीचं काम वितळणारा बर्फ करतो. पण सोड्याच्या सरबतात हे जमत नाही. तिथे स्ट्रॉबेरीच्या पाकाचेच खडे करा: पाकाइतकंच पाणी मिसळून ट्रेमध्ये ओता. नुसता पाक ओतलात तर साखर जास्त असल्याने घरच्या फ्रीजरमध्ये तो कडक गोठत नाही, चिकट लगदा राहतो.

पुदिना घालणार असाल तर पानं नुसती तळहातावर टिचकून ग्लासात टाका. ठेचून आधीपासून भिजवली तर आम्लाने तासाभरात शेवाळी पडतात आणि चवही उग्र होते.

मोजूनमापून
भांड्याचं लिहायचं राहिलं. काच किंवा स्टील घ्या. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम नको, लिंबाचं आम्ल धातू ओढून घेतं. आणि लिंबू घातलेलं सरबत उरलं तर ते बाटलीत न ठेवता त्याच दिवशी कुल्फीच्या साच्यात ओतून गोठवा, गोठल्यावर कडू होण्याचा वेग खूप मंदावतो.