वरनं लॅम्बोर्गिनी, आतनं होंडा सिटी: हे चालतंय का तुम्हाला?

सातरस्ता_टर्बो
परवा रविवारी होटगी रोडला एका कार्यालयासमोर वरात अडकलेली, मी मागं ॲक्टिव्हावर, आणि पुढं बघतो तर पिवळी धमक लॅम्बोर्गिनी, झेंडूच्या माळा लावलेली, नवरदेव आत फेटा सांभाळत अंग चोरून बसलेला. खरं सांगतो पहिले दोन सेकंद छातीत धडधडलं, सोलापुरात अव्हेंटाडोर! मग डीजे थांबला, गाडी हलली आणि जो आवाज आला तो डिट्टो माझ्या मामाच्या जुन्या होंडा सिटीचा. कुठं तो साडेसहा लिटरचा व्ही-१२, ७०० हॉर्सपॉवर, माणसाच्या पाठीमागं बसवलेला, आणि कुठं हे. जवळ जाऊन बघितलं तर नाक उंच, काच लांब मागं, आणि मागचा भाग, जिथं खऱ्या गाडीत इंजिन असतंय, तो एवढासा आखूड. आणि बॉनेटवर लॅम्बोर्गिनीचा तो सोनेरी बैल.

माझं म्हणणं एवढंच, फायबरची बॉडी चढवा, दरवाजे वर उघडा, रंग मारा, हौस आहे तर करा. पण तो बैल कशाला? बैलच लावायचा होता तर सिद्धेश्वराचा नंदी लावायचा, तो तरी आपला आहे. बॅज लावला की ती हौस राहत नाही, थाप होते. बोला काय म्हणताय.

नवी_पेठ_निवांत
आधी नवरदेवाचा फोटो टाक की बे

फायबरवाला_अण्णा
ती गाडी माझी नाही हे आधीच सांगतो, पण तसल्या दोन केल्यात, एक अक्कलकोट रोड एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये आणि एक घरामागं पत्र्याखाली, त्यामुळं बोलायचा हक्क आहे असं समजतो.

टर्बोभाऊ तुम्ही दोन सेकंदात आवाजावरनं निकाल दिला. मला अकरा महिने लागले. ड्रॉइंग कोण देणार आपल्याला, कंपनी? मी १:१८ ची खेळण्यातली मॉडेल गाडी आणली, व्हर्नियरनं एकेक माप घेतलं आणि अठरानं गुणलं. त्यावरनं थर्माकोलचा ठोकळा कोरला, वर पीओपी, वर पुट्टी, मग घासणं, घासणं आणि घासणं, मग मोल्ड, मग जेलकोट, मग ग्लास मॅट आणि रेझिन. मे महिन्यात ४३ डिग्रीला रेझिनमध्ये हार्डनर टाकून चहा प्यायला गेलो तर बादलीतच दगड झाला, अशा किती बादल्या फेकल्यात विचारू नका. मागच्या लाइटा बाजारात मिळत नाहीत, ॲक्रिलिक तापवून वाकवून केल्या.

आणि ते प्रमाण बिघडलंय म्हणालात ना, ते बरोबर आहे, पण कारण ऐका. पुढची काच. लॅमिनेटेड काच कोण करून देणार एका गाडीसाठी, म्हणून जुन्या गाडीचीच काच ठेवावी लागते, आणि काच जिथं आहे तिथंच तिचे पिलर, तिथंच स्टेअरिंग, तिथंच इंजिन. मग नाक उंच होणारच. ते माझं अज्ञान नाही ओ, काच आहे.

बॅजचं विचाराल तर गिऱ्हाईक बॅज हातात घेऊनच येतंय. मी नाही लावला तर घरी जाऊन स्वतः चिकटवतंय.

सातरस्ता_टर्बो
काचेचं माहीत नव्हतं अण्णा, हे मान्य. कष्टाबद्दल शंका नाहीच. पण "गिऱ्हाईक मागतंय" हे उत्तर नाही, गिऱ्हाईक तर पासिंग नसलेली गाडी पण मागतंय.

जुनीगाडी_जुळे
तुम्ही दोघं तीन वेगळ्या गोष्टी एकाच पातेल्यात घालायलाय. किट कार वेगळी, रेप्लिका वेगळी आणि जुन्या सेदानवर फायबर चढवणं वेगळं.

किट कार म्हणजे लोटस सेव्हन बघा, १९५७ ची. इंग्लंडात पूर्ण गाडीवर खरेदी कर बसायचा, सुट्या भागांवर नाही, म्हणून लोक पेट्या आणून घरी जोडायचे. १९७३ मध्ये लोटसनं हक्क केटरहॅमला दिले आणि ते आजही बनवतात, त्याला कुणी नकली म्हणत नाही. आपल्याकडं पण झालंय की, अलिबागजवळ चिंकारावाल्यांनी त्याच धाटणीची रोडस्टर केली होती, इसुझुचं १.८ इंजिन टाकून, म्हणजे आपल्या अँबेसेडर-कॉन्टेसात यायचं तेच.

रेप्लिका म्हणजे कोब्रा. खऱ्या साधारण हजारभर बनल्या असतील आणि नकला किती झाल्या त्याला गणतीच नाही. आणि गंमत अशी की मूळ कोब्रा हाच एक जुगाड आहे! १९६२ साली कॅरोल शेल्बीनं इंग्लंडच्या एसी कंपनीची 'एस' (Ace) गाडी उचलली आणि त्यात अमेरिकन फोर्डचा व्ही-८ कोंबला. आज तोच जुगाड पवित्र झाला आणि बाकीचे पापी. शेल्बीनं नंतर नक्कल करणाऱ्यांवर कोर्टबाजी पण केली बरं का.

आणि जग्वारचं तर अजून भारी. लाइटवेट ई-टाईप ठरवल्या होत्या १८, केल्या १२. उरलेल्या ६ कंपनीनं २०१४ ला, म्हणजे पन्नास वर्षांनी बांधायला घेतल्या, नवीन ॲल्युमिनियम, नवीन माणसं, आणि त्यांना म्हणायचं ओरिजनल. आणि स्वीडनमधल्या एका म्हाताऱ्या जोडप्यानं सी-टाईपची प्रत बांधली तर त्याच जग्वारनं त्यांना कोर्टात खेचलं. मग नकली म्हणजे नक्की काय, कुणी सांगा.

फायबरवाला_अण्णा
ताई तुमच्या तोंडात शेंगा पोळी!

चादरवाला_पोरगा
मी सांगतो नकली म्हणजे काय. आमचे यंत्रमाग आहेत, आजोबांपासून. सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, तरी पानिपतची चादर आणून वर "सोलापुरी" छापून विकतात, आपल्या एसटी स्टँडच्या आसपास पण मिळेल. वजनाला हलकी, दोन धुण्यात रंग जातो, मग गिऱ्हाईक म्हणतं सोलापुरी चादरीत आता पहिल्यासारखं राहिलं नाही. शिवी आम्हाला बसते, पैसा तो खातो. पानिपतवाल्यानं चादर विणू नये असं आम्ही कधीच म्हटलं नाही, विण की बाबा, तुझ्या नावानं विण. इथं सगळे सोलापूरचे आहेत म्हणून विचारतो, चादरीच्या वेळी आपण मोर्चा काढणार आणि गाडीच्या वेळी "हौस आहे" म्हणणार का?

नवी_पेठ_निवांत
हे जोरात बसलं 😬

फायबरवाला_अण्णा
नाही बसलं. चादर घेणारा फसतोय, त्याला वाटतं सोलापुरी घेतली. माझ्याकडं येणाऱ्याला पक्कं माहीत असतंय आत काय आहे, जुनी गाडी तोच घेऊन येतो. नवरदेवाला माहीत, त्याच्या बापाला माहीत, घोड्याच्या जागी गाडी भाड्यानं आणली. घोडा तरी कुठं चेतक असतोय! कोण फसलं सांगा की. लॅम्बोर्गिनीचं एक गिऱ्हाईक कमी झालं का माझ्यामुळं? ज्याची ऐपत खरी घ्यायची आहे तो माझ्या शेडमध्ये कशाला येईल.

चादरवाला_पोरगा
पहिला घेणारा फसत नाही, दुसरा फसतो, तिसरा फसतो. आणि ब्राझीलचं बघा, इटाजाई म्हणून गाव आहे, तिथं २०१९ ला बापलेकाच्या वर्कशॉपवर पोलिसांनी धाड टाकली, फेरारी-लॅम्बोर्गिनीच्या अर्धवट गाड्या आणि बॅज सगळं उचललं. त्यांची गिऱ्हाइकं पण डोळे उघडे ठेवूनच येत असणार. कायदा ते विचारत नाही.

पुण्यातला_सोलापूरकर
बॅजचं भांडण तुम्ही चालू ठेवा, मला वेगळाच प्रश्न पडलाय. त्या गाडीत बसून हायवेला कोण जातंय का? मी गाड्यांच्याच कामात आहे म्हणून सांगतो, मूळ सिटीच्या बंपरमागं लोखंडी बीम असतो, पुढचा भाग ठरवून चुरगळतो, एअरबॅगचे सेन्सर त्या चुरगळण्यावर बेतलेले असतात. तुम्ही पुढचं सगळं कापून फायबर लावलं की ते गणित संपलं. छप्पर कापलं असेल तर विषयच नको. फायबर चुरगळत नाही, फुटतं.

आणि कायदा म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आरसी बुकात कंपनीचं जे स्पेसिफिकेशन आहे त्यापेक्षा वेगळी गाडी करायची नाही. सुप्रीम कोर्टानं २०१९ च्या जानेवारीत तेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत मालकाला एकेका बदलासाठी ५ हजार दंड, नाहीतर सहा महिने आत, नाहीतर दोन्ही. बदल मोजायला बसलात तर अण्णांच्या गाडीत किती होतील?

फायबरवाला_अण्णा
मोजू नका 🙏

पण साहेब देवराष्ट्रेच्या माणसाचं काय? सांगलीकडचा साधा कारागीर, भंगारातनं चारचाकी केली, किक मारून सुरू होणारी, आणि स्वतः आनंद महिंद्रांनी कौतुक केलं. ते कौतुक आणि आम्ही केलं की कलम ५२?

पुण्यातला_सोलापूरकर
ती गोष्ट पूर्ण सांगा की. महिंद्रांनी कौतुक केलं आणि त्याच दमात लिहिलं की ही नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील, म्हणून ती मला द्या आणि बोलेरो घ्या. २०२२ च्या सुरुवातीला बोलेरो दिली पण. म्हणजे गाडी कौतुकाला उत्तम, रस्त्याला नाही. मी तरी वेगळं काय म्हणतोय?

आणि त्यानं स्वतःच्या डोक्यातनं गाडी काढली होती. कुणाचा बैल नाही लावला.

एमएच_१३_क्लच
साहेबांना प्लस वन. आमच्या ग्रुपमधल्या एकानं सेकंडहँड सिव्हिकवर असलीच बॉडी चढवून घेतली, कुठनं ते सांगत नाही. मोठी चाकं बसवली पण ब्रेक जुनेच, वर लोखंडी सांगाडा आणि फायबर मिळून वजन वाढलं. मोहोळच्या अलीकडं पुढं ट्रॉली आडवी आली, गाडी थांबायचं नाव घेईना, शेवटी साइडपट्टीवर घातली. माणसं वाचली. इन्शुरन्सचा माणूस आला, फोटो काढले, आरसी बुक बघितलं, गाडी बघितली, परत आरसी बुक बघितलं आणि हसला. क्लेम शून्य. आता ती गाडी बाळ्याच्या एका गोडाऊनमध्ये उभी आहे, दरवाजे वर उघडतात ते बघायला पोरं जातात.

सातरस्ता_टर्बो
दरवाज्यावरनं आठवलं, वर उघडणारे दरवाजे लॅम्बोर्गिनीनं काउन्टाचला दिले ते काय नुसत्या शायनिंगला नाहीत, गाडी एवढी रुंद आणि बुटकी की साधा दरवाजा दाटीत उघडला नसता, आणि मागचं काय दिसायचं नाही म्हणून ड्रायव्हर दरवाजा वर करून उंबऱ्यावर बसून रिव्हर्स घ्यायचा. म्हणजे अडचणीतनं आलेली गोष्ट आहे ती. सिटीला काय अडचण होती? हेच मला खटकतंय, आकार उचलला पण तो आकार का आला ते उचललं नाही.

अमेरिकेत लोक निदान पॉन्टियाक फिएरो शोधायचे, कारण तिचं इंजिन सीटच्या मागं, म्हणजे काउन्टाचचं सोंग आणलं तरी हाडं बरोबर जागेवर. आपल्याकडं मागं इंजिन म्हणजे नॅनो 😂

नवी_पेठ_निवांत
६२४ सीसी लॅम्बोर्गिनी. अव्हेंटाडोर नाही, आवंदा-नको

जुनीगाडी_जुळे
टर्बो, हे तू पहिल्याच पोस्टला लिहायला हवं होतंस, बॅजपेक्षा मोठा मुद्दा आहे.

अण्णा, मघाशी तुमची बाजू घेतली पण पूर्ण नाही हं. अमेरिकेत २०१५ ला छोट्या उत्पादकांसाठी कायदा केला, वर्षाला ३२५ रेप्लिका विकता येतात, पण अट अशी की मूळ गाडी किमान २५ वर्षं जुनी पाहिजे आणि आकाराचे हक्क ज्याचे आहेत त्याची परवानगी पाहिजे. मला ही अट पटते. जी गाडी आता बनतच नाही तिची प्रत म्हणजे आठवण, आणि आत्ता शोरूममधनं विकली जाते तिची प्रत म्हणजे चादरवाला म्हणतोय तेच. अव्हेंटाडोर २०२२ पर्यंत बनत होती, सगळी मिळून अकरा वर्षं, तिला आठवण म्हणायला अजून वेळ आहे.

दुसरं, आपल्या गावातनं इंजिनातले कॅमशाफ्ट जगभरच्या गाड्यांना जातात, प्रिसिजन कंपनीचे, हे इथल्या किती जणांना माहीत आहे? मायक्रॉनमध्ये काम करणारं गाव आहे हे. तुमच्यासारखा हात असलेला माणूस खेळण्याला अठरानं गुणत बसतो याचं मला वाईट वाटतं, राग नाही.

फायबरवाला_अण्णा
ताई हे मनाला लागलं. खोटं नाही बोलत.

एक सांगू का, अजून कुणाला दाखवलं नाही. शेडमध्ये कोपऱ्यात एक उघडी टू-सीटर चालू आहे, कुणाची नक्कल नाही, पाइपचा चासी, मारुती ईकोचं इंजिन पुढं आणलं, ईकोचाच गिअरबॉक्स, मागं सॉलिड ॲक्सल, रिअर व्हील ड्राइव्ह. रस्त्यावर जाणार नाही हे मलाही माहीत आहे साहेब, कलम सांगू नका. माळावर फिरवायची. दीड वर्ष झालं पडून, कारण दर महिन्याला कुणीतरी पिवळा रंग आणि बैल घेऊन येतंय आणि भाडं, पोरांचे पगार त्यातनंच निघतात. स्वतःच्या गाडीचे पैसे कोण देणार? हे तुमच्यापैकी एकानं पण विचारलं नाही.

चादरवाला_पोरगा
अण्णा, माझ्या आजोबांना पण लोक हेच म्हणायचे, पानिपतसारखी हलकी विणा, खप वाढेल. नाही विणली. १६ मागांवरनं ६ वर आलोय हे पण खरं आहे. त्यामुळं तुम्हाला सोपं आहे असं मी म्हणणार नाही. पण माझं मत तेच.

सातरस्ता_टर्बो
अण्णा ती टू-सीटर बघायला येतो. रविवारी सकाळी चालेल? पिवळीकडं बघणार पण नाही.

नवी_पेठ_निवांत
मी पण. बॅज काय लावणार? शेंगाचटणी जीटी घ्या, लाल रंगात

पुण्यातला_सोलापूरकर
हुतात्मा एक्सप्रेसनं शनिवारी रात्री येतोय, मी पण आहे. अण्णा, रोल बारचं, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या पाइपचं वेल्डिंग बघितल्याशिवाय कुणाला बसू देऊ नका, प्लीज.

फायबरवाला_अण्णा
या सगळे. दहाच्या आत या, नंतर पत्रा तापतो. आणि कुणाच्या ओळखीत प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा दांडा) कापून, जोडून, बॅलन्सिंग करून देणारा असेल तर नंबर विचारून ठेवा, ईकोचा शाफ्ट बसवायला गेलो तर चार इंच लांब पडतोय.