आप्पांसाठी रेडिओ घ्यायचाय, बेळगावकडच्या खानापूरच्या रानात सांगली आकाशवाणी नीट धरणारा सेट कुठला?

जांबोटीकर
मंडळी सल्ला पाहिजे. आमचे आप्पा ऐंशीला टेकलेत, जांबोटीच्या पुढं गाव, मी नोकरीमुळं बेळगावात टिळकवाडीत. त्यांचा जुना फिलिप्स गेल्या महिन्यात बंद पडला. रेक्झिनच्या कव्हरात उशाशी अजून आहे, नुसता बोलत नाही एवढंच. त्याच्या काचेवर सांगलीच्या जागी आईनं कधीतरी नेलपॉलिशचा ठिपका लावलेला, काटा ठिपक्यावर आणायचा की सांगली लागली. आई जाऊन सहा वर्षं झाली, ठिपका हाय तसाच.

मी ऑनलाइन एक सेट मागवून दिला, ब्लूटूथ, पेनड्राइव्ह, बॅटरी सगळं एकात, पण मिडीयम वेव्हला, म्हणजे सांगली लागते त्या बँडला, नुसती खरखर. आप्पांनी दोन दिवस कानाला लावला आणि म्हणाले ह्यातली बॅटरी तेवढी चांगली हाय, म्हशीकडं जायला होती.

त्यांना पाहिजे काय तर सकाळी अभंग, मराठी बातम्या, पाऊसपाणी, जमलं तर दुपारी एखादं नाटक. कुठला सेट घेऊ, आणि सांगली सोडून मराठी कुठून कुठून येतं आपल्याकडं? मोबाईलचं अ‍ॅप कृपया सांगू नका, पावसात आमच्या गावात रेंज फक्त अंगणाच्या कोपऱ्यात फणसाखाली असते.

अनगोळकर पुण्यात
अ‍ॅप घ्या की भावा, न्यूज ऑन एअर. आकाशवाणीची दोनशेच्या वर केंद्रं आहेत त्यात, सांगली, कोल्हापूर, पुणे, सगळं स्वच्छ ऐकू येतं. मी हिंजवडीत बसून धारवाड ऐकतो.

जांबोटीकर
शेवटची ओळ वाचलासा का ओ?

अनगोळकर पुण्यात
सॉरी सॉरी. फणस राहिला.

वडगावचा रेडिओवाला
मी तीस वर्षं सेट उघडूलालोय म्हणून जरा लांबड लावतो.

त्या नव्या डब्याला शिव्या घालायच्या आधी एक बघा. डिजिटल सेटात मिडीयम वेव्ह पायरीपायरीनं सरकते, आपल्या देशात पायरी ९ किलोहर्ट्झची, अमेरिकेत १० ची. आपली सगळी स्टेशनं ९ च्या पाढ्यात बसतात, सांगली १२५१, धारवाड ७६५, पणजी १२८७, रत्नागिरी ११४३, पुणे ७९२, भाग घालून बघा. सेट १० च्या पायरीवर असला तर सांगली १२५० वर एकाच्या फरकानं निभावून जाते, पण धारवाड ७६० आणि ७७० च्या बरोब्बर मध्ये सापडतं आणि आवाज फाटका येतो. तुमच्या डब्यात धारवाडसुद्धा फाटकं येत असेल तर आधी सेटिंगमध्ये ९ करता येतंय का शोधा. धारवाडचा ट्रान्समीटर २०० किलोवॅटचा, खानापूर तालुक्यात तो आला नाही असं होत नाही, सांगलीचा २० चा. म्हणजे धारवाड येतंय आणि सांगली येत नाही ह्यात नेहमी सेटचाच दोष असतो असं नाही.

दुसरं म्हणजे दिशा. मिडीयम वेव्हला ती वर ओढायची काडी काही कामाची नसते, ती एफएमची. मिडीयम वेव्हचा अँटेना आत आडवा असतो, फेराइटचा काळा रॉड, त्यावर तार गुंडाळलेली. रॉडच्या टोकाच्या दिशेनं येणारं स्टेशन मरतं, कुशीकडून येणारं नीट लागतं. सांगली आपल्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे, म्हणून सेटचं तोंड किंवा पाठ उत्तरेला करून ठेवायची आणि मग थोडं थोडं फिरवायचं. बरेच लोक सेट फळीवर एकदा ठेवतात तो दिवाळीच्या साफसफाईलाच हलवतात.

तिसरं, आणि आजकाल सगळ्यात मोठं दुखणं. घरात इन्व्हर्टर आहे का? एलईडी बल्ब? मोबाईलचा चार्जर रात्रंदिवस भिंतीला? हे सगळे खरखर ओकतात. मेन स्विच पाडा, इन्व्हर्टर पण बंद करा, सेट सेलवर लावा. खरखर गेली तर सेट निर्दोष. अ‍ॅडॉप्टरवर तर रेडिओ लावूच नका, सेलच घाला.

आणि जुना फिलिप्स टाकू नका. उशाशी ठेवलाय म्हणजे सेल आत राहून फुटले असणार, खारानं पत्र्या खाल्ल्या असतील. दहापैकी सात सेट माझ्याकडं त्याच्यापायीच येतात.

जांबोटीकर
इन्व्हर्टर मीच घालून दिला ओ दोन वर्षांमागं. खरखर तेव्हापासूनच वाढली असं आप्पा म्हणूलालेत, मी म्हटलं तुमचे कान गेले. आता काय बोलणार.

निपाणीकर ताई
आमच्याकडं कोल्हापूर १०२.७ एफएम एकदम खणखणीत येतं, पण तवंदी घाट चढला की गाडीत तुटायला लागतं, संकेश्वरच्या पुढं तर नाव नको. बेळगावात काहींच्या गच्चीवर मिळतं म्हणतात, जांबोटीच्या डोंगरात आशा सोडा. एफएमला मध्ये डोंगर आला की संपलं.

सांगलीबद्दल मात्र एक सांगते. तुम्हा खानापूरवाल्यांना सांगली म्हणजे अभंग आणि भाषा. आमच्या चिकोडी, कागवाड, अथणी भागात सांगली म्हणजे पाणी. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, सांगलीच्या आयर्विन पुलाला पातळी किती, राजापूर बंधाऱ्यावरनं किती खाली निघालं, हे सांगलीवर ऐकलं की नदीकाठच्यानं मोटारी काढायच्या का नाही ते ठरवायचं. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या मामांनी रात्री ऐकून पहाटे जनावरं हलवली, लाईट नव्हती, मोबाईल मेलेले, दोन सेलचा रेडिओ तेवढा जिवंत. ते पाणी महाराष्ट्रातलं असतं तोवर ती तिकडची बातमी, दुसऱ्या दिवशी आमच्या उसात.

शहापूरची लेक
सगळे सांगली सांगली करूलालेत, मी धारवाडची बाजू घेते. आप्पांना कन्नड कळतं का? कळत नसलं तरी गाणं ऐकायला काय अडतंय. धारवाड १९५० चं केंद्र, सांगली १९६३ चं, आणि धारवाडात गाणाऱ्यांची काय रांग होती, मल्लिकार्जुन मन्सूर तिथं संगीत सल्लागार होते, गंगूबाई हनगल हुबळीच्या. त्यांची जुनी रेकॉर्डिंगं अधनंमधनं लागतात. माझ्या आजीला कन्नडमधलं ओ का ठो येत नव्हतं तरी मन्सुरांनी गायलेली वचनं, म्हणजे बसवण्णांच्या परंपरेतली कन्नड पदं, लागली की चुलीवरचं दूध ऊतू जायचं. आणि कुमार गंधर्व तर आपल्या सुळेभावीचे, १९२४ सालचा जन्म, बेळगावातल्या अर्ध्या पोरांना हे माहीत नसतं, असो.

शास्त्रीयचीच आवड असेल तर आकाशवाणीचं रागम म्हणून चोवीस तासांचं वेगळं चॅनल आहे, २०१६ पासून, पण ते अ‍ॅपवर नाहीतर डिशवर. घरात डीडी फ्री डिश असेल तर रिमोटवर रेडिओचे चॅनल शोधा, टीव्हीचा पडदा काळा राहतो, आवाज येतो. मराठीचंही मिळतं.

जांबोटीकर
आप्पांना बाजारातलं कन्नड येतं, खानापूरच्या कौलाच्या कारखान्यात होते. बातम्या निम्म्या कळतात, आकडे सगळे कळतात.

सीमाभाग झिंदाबाद
पण मी म्हणतो आपल्याच गावाची बातमी आपल्याच भाषेत ऐकायला ऐंशी वर्षांच्या माणसानं सेट फिरवत का बसायचं? १९५६ पासून हेच चाललंय.

वडगावचा रेडिओवाला
त्या विषयाचा धागा वेगळा आहे भावा, आठशे प्रतिसाद झालेत, तिकडं चल. इथं सेट घ्यायचाय.

शहापूरची लेक
त्याचं अगदीच चुकीचं नाही काका. बघा ना, पुण्याच्या प्रादेशिक बातम्या सांगलीवर लागतात, मराठी अगदी छान, पण त्यात राकसकोपचा तलाव भरला का हे कधी येणार नाही, हिडकल धरण किती भरलं ते येणार नाही, आपल्या डीसींनी, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांनी, शाळांना सुट्टी दिली का ते येणार नाही. ते सगळं धारवाडवर, कन्नडमध्ये. म्हणजे गावची बातमी एका स्टेशनवर आणि भाषा दुसऱ्या. माझे वडील सकाळी आधी धारवाड मग सांगली असं लावायचे. आधी पाऊस ऐकायचे, मग बातम्या ऐकायचे. पाऊस ही त्यांच्या लेखी बातमी नव्हतीच.

जांबोटीकर
हे मात्र आमच्या घरातलंच ऐकूलालोय असं वाटलं.

कणकुंबीचा पोऱ्या
मामा तुम्हाला पणजी कोणी सांगितली नाही होय नीट? १२८७. आमच्याकडं सांगलीपेक्षा पणजी चांगली, गोवा जवळच की. पोर्तुगीजांच्या वेळचं एमिसोरा द गोवा ते हेच स्टेशन, मुक्तीनंतर आकाशवाणीकडं आलं. कोकणी आणि मराठी दोन्ही बातम्या. भजनं, नाट्यगीतं भरपूर, गोव्याची माणसं नाटकवेडी. फक्त दिशा बदला, सांगलीला तोंड उत्तरेला करता तसं पणजीला पश्चिमेला.

एक गंमत पण मिळेल फुकट. म्हादई नदीच्या पाण्याचं गोवा-कर्नाटक भांडण निघालं की आम्ही आधी पणजी ऐकतो मग धारवाड. लवादाचा निकाल २०१८ ला आला तेव्हा दोन्हीकडनं ऐकला, पाणी एकच, पण एका स्टेशनवर ते चोरलं जात होतं आणि दुसऱ्यावर ते तहानलेल्याच्या हक्काचं होतं. आणि ते पाणी ज्या नाल्याचं तो नाला आमच्या घरामागं. आमच्या आज्जीनं विचारलं, आपल्याला कोण काय विचारूलालाय काय? म्हटलं नाही आज्जी, तू झोप.

अनगोळकर पुण्यात
एखादं प्रायव्हेट एफएम नाहीतर बेळगावातल्या केएलई शिक्षण संस्थेचा वेणुध्वनी ९०.४ नाही का चालणार?

वडगावचा रेडिओवाला
वेणुध्वनी कम्युनिटी रेडिओ आहे, चांगलं काम करतात, पण त्यांना ताकदच थोडी दिलेली असते, शहर आणि आजूबाजूची गावं, बस. शिवाय प्रायव्हेट असो का कम्युनिटी, स्वतःच्या बातम्या द्यायला सरकारची परवानगीच नाही, द्यायच्या तर आकाशवाणीच्याच जशाच्या तशा. म्हणून रेडिओवर बातमी म्हटली की फिरून आकाशवाणीच.

सेटचं विचारलासा ते राहिलंच. नावाच्या मागं लागू नका. तीन बँडचा (एफएम, मिडीयम वेव्ह, शॉर्ट वेव्ह), काट्याचा, मोठ्या सेलवर चालणारा, आडवा आणि जरा लांब बघून घ्या. लांब अशासाठी की आतला रॉड लांब मावतो. मुठीत मावणारे सेट दिसायला गोड, मिडीयम वेव्हला बहिरे. आणि दुकानात दिवसा लावून बघा, तेही दारात येऊन. रात्री बघितलासा तर लांबलांबची स्टेशनं घुसतात, सेट भारी वाटतो आणि घरी आणल्यावर दुपारी मुका. एफएम पण असलेलाच घ्या, कारण आकाशवाणी मिडीयम वेव्हचे जुने ट्रान्समीटर बरेच ठिकाणी बंद करत आणलीय, उद्याचं कोणी बघितलंय.

तरीपण आधी जुना उघडून बघा म्हणतो मी.

निपाणीकर ताई
आणि सेल उन्हात ठेवू नका म्हणावं आप्पांना. आमचे मामा अजून ठेवतात.

जांबोटीकर
ठेवतात ना. कौलावर. ओळीनं.

जांबोटीकर
(नऊ दिवसांनी) अपडेट देतो. रविवारी गावी गेलो, जुना सेट उघडला, रेडिओवाले काका म्हणाले तसंच, सेल फुटून पत्र्या हिरव्या झालेल्या. शिवाय काट्याची दोरी तुटलेली, ते मला झेपलं नाही म्हणून बेळगावला आणला, एका दुकानदारानं चार दिवस ठेवून घेतला आणि न उघडताच परत दिला, हे आता कोणी करत नाही म्हणे. मग खडेबाजाराकडं एका म्हाताऱ्या कारागिरानं बसल्या बसल्या पत्र्या बदलल्या, दोरी घातली, चहा पण त्यानंच पाजला.

घरी इन्व्हर्टर बंद करून पाठ उत्तरेला केली आणि सांगली लागली ओ. आप्पा काही बोलले नाहीत, आवाज थोडा कमी केला, एवढंच. मग धारवाड लावून पाऊस ऐकला. पणजीपण लागली पण पश्चिमेला तोंड केलं की सेट कपाटाकडं बघतो म्हणून ती नको म्हणाले.

एकच भानगड झालीय. दोरी नवी घातल्यापासून काटा सरकलाय. सांगली आता ठिपक्याच्या बोटभर उजवीकडं लागते. मी म्हटलं नवा ठिपका देतो, मुलीकडं नेलपॉलिश आहे. आप्पा म्हणाले ठिपक्याला हात लावायचा नाही, स्टेशन सरकव.

अनगोळकर पुण्यात
स्टेशन सरकव 😂 सांगलीला पत्र लिहा.

वडगावचा रेडिओवाला
सोपं आहे. काटा दोरीला नुसता चिमट्यासारखा पकडून बसवलेला असतो. आधी सांगली नीट लावून घ्या, मग बटण न हलवता मागचं झाकण काढा, काटा दोन बोटांत धरून दोरीवरनं हलकेच सरकवा आणि ठिपक्याखाली आणून सोडा. काचेला आतून हात लावू नका, छपाई जाते. दोन मिनिटांचं काम. बाकीच्या स्टेशनांचे आकडे थोडे चुकले तरी त्यांना कोण बघतंय.

जांबोटीकर
शनिवारी करतो.

निपाणीकर ताई
सेल नवे घाला तेवढं. कौलावरचे नको.