वेळ संपताना अर्धवट राहिलेल्या शोधातील चाल खेळावी का?

प्रश्न
मी लिहीत असलेले बुद्धिबळाचे इंजिन डेप्थ (किती चाली पुढे पाहायचे ती खोली) एकेकाने वाढवत शोध घेते. ठरवलेली वेळ बहुधा एखाद्या डेप्थच्या मध्येच संपते. तेव्हा तो शोध टाकून देऊन आधीच्या पूर्ण डेप्थची चाल खेळली जाते. मात्र शेवटच्या डेप्थवरच बराच वेळ खर्च होत असल्याने ते काम वाया जाते. अर्धवट शोधातील चाल खेळणे सुरक्षित आहे का?

पहिले उत्तर
आहे, पण मागील डेप्थची सर्वोत्तम चाल नव्या डेप्थमध्ये सर्वांत आधी तपासली जात असेल तरच. तसे असल्यास तिच्या जागी आलेली कोणतीही चाल त्याच डेप्थला तिच्यापेक्षा सरस ठरलेली असते. पहिलीच चाल पूर्ण होण्याआधी वेळ संपली, तर जुनीच चाल खेळावी.

खरा धोका वेगळाच असतो. शोध तोडल्यावर रिकर्शनमधून (स्वतःलाच पुन्हा बोलावणाऱ्या शोध-फंक्शनमधून) परत येणारा आकडा निरर्थक असतो, त्यामुळे प्रत्येक पातळीवर थांबण्याची खूण आधी तपासावी आणि ती लागलेली असल्यास तो आकडा ना सर्वोत्तम चालीसाठी वापरावा, ना ट्रान्सपोझिशन टेबलमध्ये (आधी तपासलेल्या स्थितींचे निकाल साठवणाऱ्या तक्त्यात) लिहावा. एरवी चुकीची नोंद पुढच्या चालीपर्यंत टिकून राहते आणि दोष कुठे आहे हे शोधणे फार जड जाते.

दुसरे उत्तर
वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त एक प्रसंग त्यातून सुटतो. नव्या डेप्थला पहिल्या चालीचे मूल्यांकन अचानक कोसळले आणि त्याच वेळी घड्याळ थांबा म्हणाले, तर वाईट असल्याचे नुकतेच कळलेली चाल आपण खेळून बसतो. म्हणून वेळेच्या दोन मर्यादा ठेवाव्यात. सौम्य मर्यादा नवी डेप्थ सुरू करण्यापूर्वी पाहावी, आणि तिची निम्मी वेळ उलटली असेल तर सहसा पुढे जाऊ नये. मूल्यांकन कोसळल्यास मात्र ती वाढवावी. कठोर मर्यादा शोधाच्या आत, दर 1024 किंवा 2048 नोडनंतर (नोड म्हणजे शोधात पाहिलेली एक स्थिती) तपासावी, कारण प्रत्येक नोडला घड्याळ पाहणे महाग पडते.

प्रश्नकर्ता
सौम्य मर्यादा किती धरावी?

दुसरे उत्तर देणारे
उरलेल्या वेळेचा विसावा भाग अधिक इन्क्रिमेंटचा (दर चालीला घड्याळात मिळणाऱ्या जादा वेळेचा) अर्धा भाग, ही सुरुवातीला पुरेशी आहे. यूसीआयने (इंजिन आणि बुद्धिबळाचा प्रोग्राम यांच्यातील संवादाच्या प्रोटोकॉलने) प्रतिचाल नेमकी वेळ दिली असेल, तर सौम्य मर्यादा लावूच नये. दोन्ही प्रकारांत संदेश पोहोचण्यातील विलंबासाठी काही मिलिसेकंद राखून ठेवावेत. नियमानुसार एकच चाल शक्य असेल, तर घड्याळावरील डावात ती शोध न घेता खेळावी.