गॉर्डनच्या हातात काय आहे: पहार, कटावणी की टॉमी?

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला 'हाफ-लाइफ' हा संगणकावरचा गेम खेळायला बसवलं. खेळ नोव्हेंबर १९९८चा, पण अजूनही एकदा सुरू केला की उठवत नाही. न्यू मेक्सिकोतल्या ब्लॅक मेसा प्रयोगशाळेत एक प्रयोग फसतो, परक्या जगातले प्राणी आत शिरतात आणि २७ वर्षांचा गॉर्डन फ्रीमन जीव वाचवत बाहेरची वाट शोधू लागतो. अंगात तो जाड संरक्षक सूट, हात मात्र रिकामे. थोडं पुढे गेलं की ती लोखंडी वस्तू सापडते. मी घाईघाईने ओरडलो, "पहार घे, पहार!" भाचा थबकला. "मामा, पहार म्हणजे काय?" तेवढ्यात हेडक्रॅब, त्या परक्या प्राण्यांपैकी एक, त्याच्या तोंडावर झेपावला.

नंतर मलाच शंका आली. त्या लोखंडी वस्तूला, म्हणजे इंग्रजीतल्या 'क्रोबार'ला, पहार म्हणणं बरोबर आहे का?

प्रतिसाद १

माझ्या मते नाही. आमच्या घरी आजोबांची पहार अजून आहे. सरळसोट, माझ्या खांद्याला लागते. एक टोक चपटं, दुसरं निमुळतं, आणि मधला भाग हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. कुंपणाचे खांब रोवायला खड्डा घ्यायचा किंवा धोंडा हलवायचा तर ती लागते. दोन्ही हातांनी उचलायची आणि आपल्याच वजनाने खाली जाऊ द्यायची. गॉर्डन एका हाताने सपासप फिरवतो ती पहार असूच शकत नाही. हातभर लांबीची, टोकाला वाकवलेली, खिळा धरायला खाच असलेली, ती कटावणी.

प्रतिसाद २

कटावणी बरोबर आहे, पण हा शब्द मी आयुष्यात फक्त वर्तमानपत्रात वाचलाय. "कटावणीने कुलूप तोडून दागिने लंपास." चोरीशी तो इतका चिकटलाय की नायकाच्या हातात द्यायला जीव धजत नाही. आमच्या भागात ट्रकवाल्यांकडे, गॅरेजमध्ये सगळे टॉमी म्हणतात. माझ्या जिभेवर तर टॉमीच येईल.

प्रतिसाद ३

विदर्भात सब्बल म्हणतात, पण ती पहारच. तिने हा प्रश्न सुटत नाही.

मला वाटतं, नामाआधी क्रियापद पाहावं. पहारीने आपण खणतो. कटावणीने उचकटतो: फट शोधायची, टोक घालायचं, भार द्यायचा. 'उचकटणे' हा किती नेमका शब्द आहे, त्यात लाकडाचा आवाजसुद्धा ऐकू येतो. पण हाफ-लाइफमध्ये गॉर्डन उचकटत काहीच नाही! लाकडी खोके, काचा, हवेच्या झडपांच्या जाळ्या, सगळं नुसतं ठोकून फोडतो. खोका फुटला की आत कधी गोळ्या, कधी औषधाची पेटी. तरी मी कटावणीच्याच बाजूने आहे, कारण नाव वस्तूच्या घडणीवरून पडतं, एका माणसाने ती कशी वापरली यावरून नाही. बत्त्याने खिळा ठोकला म्हणून त्याला आपण हातोडी म्हणत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

पटलं. चोरीच्या वासाबद्दल मात्र थोडं बोलतो. २००४च्या दुसऱ्या भागात गॉर्डनचा जुना मित्र बार्नी वरून तीच वस्तू गॉर्डनकडे टाकतो आणि ही तुझी ब्लॅक मेसात राहिली होती, अशा अर्थाचं बोलतो. तिथे "गॉर्डन, ही घे तुझी कटावणी" असं मोठ्याने म्हणून पाहिलं. कानाला मुळीच खटकलं नाही. 'तुझी' म्हटल्याबरोबर चोर मनात येतच नाही, जुनं हत्यार मालकाला परत मिळाल्यासारखं वाटतं. 'टॉमी'ही म्हणून पाहिलं, पण मला ते कुणाला तरी हाक मारल्यासारखं वाटलं. आणि पहार वरून टाकली तर खालच्याचं काही खरं नाही.

काल भाच्याला सांगितलं, ती कटावणी. त्याने लगेच विचारलं, मग पहार कुठे बघायला मिळेल? प्रतिसाद १ वाल्यांना विनंती, आजोबांच्या पहारीचा एक फोटो इथे टाकाल का? शेजारी कुणीतरी उभं राहा, म्हणजे त्याला उंची कळेल.